धुकं उठेपर्यंत

अराक्सी बेद्रोसियनला टेबल वाजवायची सवय लागली होती, आणि ती सवय चारचौघांत समजावून सांगण्यासारखी नव्हती. जेवण झालं की उठण्याआधी ती मूठ अर्धवट मिटायची आणि बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा ठकठक करायची. नोव्हेंबरात नणंदेकडे सणाचं, टर्की पक्ष्याचं मोठं जेवण होतं, तिथेही तिने तेच केलं. नणंद उठून दार उघडायला गेली, बाहेर कुणीच नाही म्हणून परत आली, आणि मग सगळं टेबल हसलं. अराक्सीही हसली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी असं काही लागलेलं असलं तर हसण्यावारी नेणं बरं.

ही रीत तुरुंगातली. तिथे एका टेबलावर जेवणारा माणूस नुसता ताट उचलून चालू लागत नाही. दोनदा वाजवतो आणि मगच उठतो. म्हातारा पर्व्हिस तिच्या वर्गात होता, त्याने तिला पहिल्याच वर्षी याचा अर्थ सांगितला होता. "माझं पोट भरलं, तुमचं चालू द्या, असं म्हणायचं असतं, मिस बी. न वाजवता उठलं तर बसलेल्यांचा अपमान." तिच्या वर्गात जेवण नसे, पण पुरुष वर्ग संपल्यावरही टेबल वाजवूनच उठत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, आपल्याला पळवून लावतायत. नंतर त्या आवाजाशिवाय मंगळवार संपल्यासारखाच वाटेना.

फ्रेस्नो शहराच्या दक्षिणेला, बदामाच्या बागा संपतात तिथल्या तुरुंगात तिने अकरा वर्षं दर मंगळवारी कॉलेजचा वर्ग घेतला. मग तिच्या वर्गातला लाझारो ओंतिवेरोस सुटला, त्याच्या मागोमाग आणखी दोघे-तिघे सुटले, आणि बाहेर येऊन त्यांना कॉलेजचं दारही सापडेना. अराक्सीने त्यांच्यासाठी काही करायचं म्हटलं तर नियम आडवा आला. आत शिकवणाऱ्याने सुटून आलेल्यांशी संबंध ठेवायचा नाही. एक तर आतले, नाही तर बाहेरचे. तिने बाहेरचे निवडले. त्याला दोन वर्षं झाली. आपण योग्य तेच केलं याबद्दल तिला शंका नव्हती, पण शंका नसली म्हणून जीव तुटायचा राहत नाही.

कॉलेजने तिला गाड्या लावायच्या जागेच्या टोकाला एक लांबट पत्र्याची खोली दिली होती. तिथे तिने भंगारात निघालेलं एक मोठं टेबल आणून टाकलं. सुटून आलेली माणसं तिथे येत. कुणाला प्रवेशाचं जमवून दे, कुणाच्या पॅरोल अधिकाऱ्याशी डोकं लाव, कुणाला वर्गापर्यंत नुसतं सोबत चालत जा, कारण एवढ्या मोकळ्या आवारातून एकट्याने चालायचं म्हटलं की त्याच्या पायात गोळे येत. अराक्सी सगळं करायची. कामात ती हयगय करत नसे. मंगळवारी मात्र ती खोली जरा लवकर बंद करायची.

त्या डिसेंबरात धुकं पडलं ते उठायचं नावच घेईना. बुधवारी सकाळी संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मिसेस शियाँग पत्र्याच्या खोलीत आल्या. बाई ठेंगण्या, तरुण, आणि शब्दांच्या बाबतीत कंजूष.

"तुमचा माणूस काल आला नाही."

"माझा कोण माणूस?" अराक्सीने विचारलं, पण तिला कळलं होतं.

"ओंतिवेरोस. शेवटचा पेपर होता काल."

"असं होणार नाही."

"असं झालं. सबंध वर्षात एकदाही चुकला नाही तो. मी दहा मिनिटं आधी वर्ग सोडला की बाकीची पोरं उड्या मारत पळतात, आणि हा गृहस्थ माझ्याकडे बघत बसतो. त्याच्या ताटातलं काढून घेतल्यासारखा. आणि नेमका पेपरला नाही."

अराक्सीला ते बघणं माहीत होतं. आत वर्ग लवकर सुटत नसे. दारं ठरल्या वेळीच उघडत, त्यामुळे शिक्षकाला कंटाळा आला तरी जाणार कुठे? तीन तास म्हणजे तीन तास.

"जानेवारीपासून त्याला विद्यापीठात जागा मिळालीय," ती म्हणाली. "तुमचा हा एक पेपर झाला की पक्की. नाही झाला तर गेली."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर इथवर आले. शुक्रवारी दुपारी मला मार्क पाठवायचेत. त्याआधी त्याने येऊन मला कारण सांगावं. त्याने. तुम्ही नाही. मला वकील नको."

मिसेस शियाँग गेल्या. अराक्सीने लाझारोच्या बहिणीला, एल्विराला फोन लावला. लाझारो तिच्याकडेच राहत होता. काल गाडी बंद पडली होती का, असं तिने विचारलं. एल्विरा गाड्या दुरुस्त करायच्या गॅरेजमध्ये कामाला होती आणि मागे कुणीतरी हातोडा घालत होतं, म्हणून ती ओरडूनच बोलत होती.

"गाडी बंद पडली म्हणाला तुम्हाला? गाडीला काय धाड भरलीय, बाई? काल मी मैत्रिणीबरोबर कामावर आले, गाडी त्याच्यासाठी ठेवली. दिवसभर दारात उभी."

"तो मला काहीच म्हणाला नाही. मीच विचारतेय."

हातोडा थांबला. एल्विराचा आवाज खाली आला. "पहाटे उठला. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले आणि खाटेवर बसला. मी म्हटलं, बसलाय थोडा वेळ. संध्याकाळी परत आले तर तिथेच. तसाच. बूटसुद्धा काढले नव्हते. मी विचारलं, पेपर कसा गेला? तर म्हणतो, धुकं होतं. एवढंच. मला समजावा बाई, धुकं होतं म्हणजे काय? आख्खं गाव धुक्यात कामाला जातं."

आख्खं गाव जातं, पण तुरुंग जात नाही. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला कुंपण दिसेनासं झालं की तिथे सगळं जागच्या जागी थांबतं. ज्याने त्याने आपापल्या इमारतीत बसायचं. काम नाही, मैदान नाही, शाळा नाही. भोंग्यावरून धुकं उठल्याचं पुकारलं जाईपर्यंत कुणीही पाऊल उचलायचं नाही. लाझारोने बाविसाव्या वर्षापासून चोवीस हिवाळे असे काढले होते. बूट घालून तयार बसायचं आणि भोंग्याची वाट बघायची.

अराक्सीने एल्विराला हे समजावलं. मग एल्विरा म्हणाली, "माझ्या घरात भोंगा कुठून आणू मी?"

लाझारो संत्र्यांच्या गोदामात होता. पट्ट्यावरून फळं येतात, त्यातली डागी बाजूला काढायची, असं काम. जेवणाच्या सुट्टीत अराक्सी तिथे पोचली तेव्हा तो मागच्या बाजूला उलट्या खोक्यावर बसून मक्याच्या सालीत गुंडाळून उकडलेले तमाल खात होता. समोर धुक्यात ट्रकांच्या नुसत्या आकृत्या. तिला बघून त्याने दुसरं खोकं पुढे सरकवलं.

"बसा, मिस बी. एल्विराने केलेत. डुकराचे आहेत, मिरची जास्त झालीय. तिचा राग मसाल्यात उतरतो."

"पेपरला का नाही आलात, मिस्टर ओंतिवेरोस?"

आत तिने सगळ्यांना मिस्टर म्हणायचं ठरवलं होतं, कारण तिथे त्यांना बाकी सगळे नुसत्या आडनावाने नाहीतर नंबराने हाकारत. बाहेरही ते तसंच राहिलं.

"गाडी."

"गाडीला काय झालं?"

"बॅटरी बसली."

"एल्विरा म्हणते गाडी ठणठणीत आहे."

"तिला काय कळतं गाडीतलं?"

"ती गॅरेजमध्ये काम करते."

लाझारोने मान खाली घातली आणि हसला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, कानाशी पांढरा झालेला, पण पकडला गेला की चोरून बोर खाल्लेल्या पोरासारखा दिसे. अराक्सीला त्याचा राग राहीना, आणि राग राहत नाही याचाच राग आला.

"धुकं होतं, हो ना?" ती म्हणाली. "क्षणभर वाटलं आपण आतच आहोत. असं होतं. शरीराला सवय असते. यात लाजण्यासारखं काय आहे?"

"असं झालं असतं तर मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं असतं."

"मग?"

त्याने तमालाचं साल नीट दुमडलं. मग आणखी एकदा दुमडलं. "मी विसरलो नव्हतो, मिस बी. मला पक्कं ठाऊक होतं मी कुठे आहे. दार उघडं होतं. किल्ली टेबलावर होती. पण खिडकीत ते पांढरं दिसलं आणि मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आज कुणी कुठे जायचं नाही. आज सगळे जिथल्या तिथे. मग पाच मिनिटं बसतो म्हटलं. मग धुकं उठेपर्यंत बसतो म्हटलं." तो थांबला. "पर्व्हिस आला असता ना, तर त्या दिवशी मला आश्चर्य वाटलं नसतं. मी त्याचीच वाट बघत होतो, खरं सांगायचं तर."

ट्रकवाल्याने कुठेतरी हॉर्न दिला.

"आता हे मी कुणाला सांगू?" लाझारो म्हणाला. "एल्विराला? माझ्या भेटीसाठी तिने चोवीस वर्षं रविवार घातले. तिला सांगू, की मला तिथली आठवण येते?"

त्याला तिथली म्हणजे कुठली आठवण येत होती, हे अराक्सीला विचारावं लागलं नाही. दोघांना एकच दिवस आठवत होता.

काही वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी दुपारी जरा उघडलं होतं म्हणून वर्ग भरला, आणि वर्ग भरल्यावर अर्ध्या तासात धुकं पुन्हा खाली बसलं. पहारेकरी दारात येऊन म्हणाला, "कुणी हलायचं नाही. मॅडम, तुम्हीसुद्धा." म्हणून बाराजण आणि ती, एका खोलीत. विषय होता नदीच्या पाण्याचा. पाणी कुणाचं, ज्याच्या रानातून वाहतं त्याचं, की ज्याला तहान लागली त्याचं? या खोऱ्यात त्या प्रश्नावरून खून पडलेत, त्यामुळे कुणी पेंगलं नाही. लाझारो रानवाल्याच्या बाजूने, पर्व्हिस तहानेच्या. अंधार पडायला लागला तेव्हा पर्व्हिसने लाझारोला असा काही कोंडीत धरला, की लाझारो म्हणाला, "बरं, पटलं मला. पाणी तहानेचं." आणि पर्व्हिस, सत्तरीला टेकलेला तो काळा म्हातारा, त्याच क्षणी खुर्ची उचलून पलीकडे जाऊन बसला आणि म्हणाला, "मग आता मी रानवाल्याचा. कुणीतरी असायला हवं ना तिकडे." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग त्याने खरोखरच वाद घातला, पहिल्यापेक्षा भारी.

रात्रीच्या जेवणाच्या पिशव्या आल्या त्या बारा. तिच्यासाठी पिशवी नव्हती. प्रत्येकाने आपल्या पावाचा एक तुकडा तोडला आणि एका कागदावर ठेवला, आणि तो कागद फिरत फिरत तिच्यासमोर आला. कैद्यांकडून काहीही घ्यायचं नाही, असा नियम होता. नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात तिने बहुतेक जेवणं ओट्याशी उभ्यानेच केली होती. पहारेकरी खिडकीतून बाहेर बघत राहिला, बाहेर दिसण्यासारखं काही नसताना. तिने सगळे तुकडे खाल्ले. मग भोंगा झाला, आणि बाराजणांनी टेबल वाजवलं. पर्व्हिसने सगळ्यांत शेवटी. तिला त्या वेळी उठावंसं वाटलं नव्हतं.

"आणि तुम्ही?" लाझारोने विचारलं. "मंगळवारी सकाळी धुकं बघून तुम्ही काय केलंत?"

विचारायला नको होतं त्याने. पण विचारलं, आणि त्या माणसाला खोटं सांगणं म्हणजे त्या खोलीतल्या बाराहीजणांना खोटं सांगितल्यासारखंच होतं.

"खिडकीत उभी राहिले," अराक्सी म्हणाली. "कॉफी गार झाली. कामावर उशिरा गेले. मलाही परत जायचंय, मिस्टर ओंतिवेरोस. रोज वाटतं. तिथल्याइतकं मनापासून माझं कुणी ऐकलं नाही, आणि मीही कुणाचं."

लाझारोने तिच्याकडे पाहिलं. "पण तुम्ही संध्याकाळी घरी जात होतात."

"हो."

"आम्ही नाही."

"मला ठाऊक आहे." अराक्सी म्हणाली. "माझे सगळ्यांत चांगले दिवस तुमच्या शिक्षेतून निघालेत. हे मला ठाऊक आहे, आणि तरी मला ते परत हवेत. आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

तमालांच्या डब्यातला शेवटचा होता तो त्याने तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "पर्व्हिस इथे असता तर यावरसुद्धा भांडला असता."

"कुठल्या बाजूने?"

"तुम्ही घ्याल तिच्या विरुद्ध."

ती हसली आणि तमालाने तोंड पोळलं. एल्विराचा राग खरंच मसाल्यात उतरत होता. पर्व्हिसला जन्मठेप होती. त्याला पत्र लिहायलासुद्धा लाझारोला परवानगी नव्हती, आणि अराक्सीलाही आता नव्हती. म्हाताऱ्याला आपली आठवण निघते हे कळायचा काही रस्ता नव्हता.

"मिसेस शियाँगना जाऊन सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू? तुरुंगाची आठवण आली म्हणून पेपर बुडवला? ती बाई संख्याशास्त्र शिकवते, मिस बी. तिला असल्या गोष्टी आवडत नाहीत."

"आवडायची गरज नाही. कारण मागितलंय तिने."

"तुम्ही सांगा."

"तिला वकील नकोय. तुम्ही या वेळी नाही गेलात तर पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज कराल?"

"नाही."

"का?"

"एकदा मागून बघितलं. पुन्हा दारात उभं राहायचं त्राण नाही माझ्यात." त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं.

"लाझारो," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने हे नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं, आणि त्याने चमकून वर पाहिलं. "तू तिथे काय शिकलास? पर्व्हिसशी सहा वर्षं भांडून शेवटी काय शिकलास तू?"

"की आपल्या विरुद्ध बोलणाऱ्याच्या समोर बसायचं. पळायचं नाही."

"मग चल."

काम सुटल्यावर तो गेला. अराक्सी बरोबर गेली, पण दाराशीच थांबली. मिसेस शियाँगनी बसा म्हणेपर्यंत तो उभाच होता. बुटांकडे बघत त्याने सगळं सांगितलं, पर्व्हिसचं नाव तेवढं वगळून. बरं वाटलं होतं, हेही सांगितलं. ते सांगताना त्याचे कान लाल झाले.

मिसेस शियाँगनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "धुकं कधी उठलं मग?"

"त्या दिवशी उठलंच नाही, मॅडम."

"हं." त्यांनी कॅलेंडर बघितलं. "हे कारण कुठल्याच नियमात बसत नाही. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता या. इथेच. धुकं असलं तरी. हेच कारण दुसऱ्यांदा मी ऐकणार नाही."

"हो, मॅडम."

बाहेर आल्यावर तो कितीतरी वेळ नुसता चालत राहिला. अराक्सीने त्याला चालू दिलं.

शुक्रवारी असं धुकं पडलं की अराक्सीला आपल्या दारातली डाळिंबाची झुडपं दिसेनात. आठ वाजायच्या आधीच एल्विराचा फोन आला.

"बाई, मी निघाले. माझी मैत्रीण बाहेर हॉर्न वाजवतेय. गाडी त्याला ठेवलीय." मग हळूच, "बूट घातलेत त्याने. खाटेवर बसलाय."

आपण जायचं नाही, असं अराक्सीने रात्री ठरवलं होतं. त्याने स्वतःहून यायला हवं, नाहीतर जानेवारीत, फेब्रुवारीत, प्रत्येक धुक्याला त्याला आणायला कोण जाणार? हे ठरवणं चांगलं होतं, शहाणपणाचं होतं. फोन ठेवल्यावर ती कोट घालून गाडीत बसली.

रस्ता नव्हताच. पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसले की त्यांच्यामागे जायचं, ती वळली की पुन्हा चाचपडायचं. खिडकी उघडी टाकून ती रस्त्याकडेचा पांढरा पट्टा धरून चालली. गोठ्यांचा आणि ओल्या मातीचा वास आत येत होता. तुरुंगाचा फाटा याच रस्त्यावर लागायचा, आणि वळणावर क्षणभर तिचे हात आपोआप तिकडे वळायला निघाले. तिने गाडी सरळ ठेवली.

एल्विराचं घर दिसलं ते अगदी दारात गेल्यावर. पुढे लाकडी ओसरी, तीन पायऱ्या, बाजूला कठडा. लाझारो ओसरीच्या टोकाला उभा होता. इस्त्रीचा शर्ट, जाकीट, हातात गाडीची किल्ली. पायरीवर पाय टाकला नव्हता.

तिने गाडी थांबवली आणि काच खाली केली. त्याने तिला पाहिलं. ती काहीतरी म्हणेल याची तो वाट बघत होता, हे तिला स्पष्ट दिसलं.

म्हणणं सोपं होतं. अकरा वर्षं तिने तो पुकारा ऐकला होता, कुठल्या शब्दांत आणि कुठल्या सुरात करायचा ते तिला पाठ होतं. उठलं, निघा. एवढं म्हटलं असतं की तो पायऱ्या उतरून आला असता, आणि पेपर लिहिला असता, आणि पास झाला असता. आणि उरलेलं सगळं आयुष्य दुसऱ्या कुणीतरी म्हणण्याची वाट बघत राहिला असता. अराक्सीने दात घट्ट मिटले. तिच्या आयुष्यात गप्प बसणं तिला कधी इतकं जड गेलं नव्हतं, आणि बाई तशी गप्प बसणाऱ्यांतली नव्हेच.

वेळ जात होता. घड्याळाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि बघितलं. कुठेतरी कुत्रं भुंकलं. लाझारो मागे वळला, उघड्या दारातून आत आपल्या खाटेकडे बघितल्यासारखं. आता आत जातो, असं तिला वाटलं.

मग त्याने किल्ली खिशात टाकली, मूठ अर्धवट मिटली आणि ओसरीच्या कठड्यावर दोनदा वाजवलं.

धुक्यात आवाज लांब जात नाही. पण तिला ऐकू आला. तो तीन पायऱ्या उतरला, गाडीला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन बसला आणि दार ओढून घेतलं.

"उशीर झाला का, मिस बी?"

"हळू गेलो तरी पोचू," ती म्हणाली.

त्याने आपल्या बाजूची काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "मी कडेला बघतो. तुम्ही नुसतं चालवा. जरा डावीकडे. अजून. आता सरळ." आणि थोड्या वेळाने, डोकं बाहेरच ठेवून, "पर्व्हिस म्हणाला असता, मी चुकीच्या बाजूला गेलो."

"मग?"

"मग मी म्हटलं असतं, कुणीतरी असायला हवं ना इकडे."

नऊला दोन मिनिटं कमी असताना तो मिसेस शियाँगच्या खोलीत गेला. दार लागलं. अराक्सी आपल्या पत्र्याच्या खोलीत आली, दिवा लावला आणि त्या लांब टेबलाशी बसली. रिकाम्या खुर्च्यांकडे तिने नेहमीसारखं बघितलं. खिडकीत अजून पांढरं होतं, आणि ते होतं तोवर तिलाही काही करवेना. सोबत आणलेल्या आर्मेनियन पावाचा तिने एक तुकडा तोडला, चीज घेतलं, सावकाश खाल्लं.

अकराच्या सुमाराला लाझारो दारात आला. मागे आवार स्वच्छ दिसत होतं. झाडं, गाड्या, पलीकडचा रस्ता, सगळं ऊन पडून धुतल्यासारखं. ते कधी उठलं हे तिला कळलंच नव्हतं.

"एक प्रश्न राहिला माझ्याकडून," तो म्हणाला. "बाकी जमलं. पेपर तिने माझ्यासमोरच तपासला. म्हणाली, जानेवारीतली जागा रिकामी राहायची नाही." मग म्हणाला, "गोदामात जायला हवं. अर्ध्या दिवसाचीच रजा होती."

"विद्यापीठ गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे," अराक्सी म्हणाली. "इथे यायला तुम्हाला आता वेळ मिळायचा नाही."

"येईन मी, मिस बी."

"नका येऊ," ती म्हणाली. "पण आलात तर बरं वाटेल मला."

तो गेला. एवढ्या मोकळ्या आवारातून, उन्हातून, कुणाला न विचारता. ती खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. एवढ्यासाठीच तिने तो वर्ग सोडला होता. आणि आता तिला वाटत होतं, धुकं अजून घटकाभर राहायला हवं होतं.

पावाचे तुकडे तिने कागदात गोळा केले. उठायला म्हणून सवयीने मूठ मिटली आणि टेबलापर्यंत नेली. मग तिने मूठ उघडून हात तसाच लाकडावर ठेवला. वाजवलं नाही. तिचं पोट अजून भरलं नव्हतं.